शेवटची चार मिनिटं

दोनशे चौदाव्या पानावर लिंडसे ट्रेम्बाथला स्वतःची बोटं सापडली, आणि ती रस क्विल्टीच्या हाताला लावलेली होती. वुलनगाँगच्या क्राउन स्ट्रीटवरच्या दुकानात रसच्या आठवणींचं पुस्तक विकत घेऊन झालं होतं, पिशवीतही गेलं होतं. घरी जाऊन, चहा टाकून, चष्मा पुसून निवांत वाचायचं असं त्याने आठवडाभर ठरवलं होतं, पण तो निश्चय दुकानाच्या दारापर्यंतसुद्धा टिकला नाही. पायपुसण्यावर उभं राहूनच त्याने ते पान शोधलं. 'त्या दुपारी शेवटच्या गाण्यात माझं बोट घसरलं,' रसने लिहिलं होतं. 'भलताच सूर लागला. मी मान वर केली तर डॅरिल ड्रममागून माझ्याकडे बघत होता. "परत मार," तो म्हणाला, आणि हसला. मी परत मारला. तिसऱ्यांदा मारला तेव्हा ती चूक राहिली नव्हती. त्या चार मिनिटांएवढं चांगलं मी आयुष्यात कधी वाजवलं नाही. अकरा दिवसांनी डॅरिल गेला.' लिंडसेने परिच्छेद दोनदा वाचला. त्याच्या मागून बाहेर पडू बघणारी एक बाई बाबागाडीसह खोळंबली होती, तिने घसा खाकरला. गल्ल्यावरची मुलगी म्हणाली, "काका, बरं वाटत नाहीये का? बसता का जरा?" लिंडसे म्हणाला, "नाही गं, ओळखीचं कुणीतरी भेटलं पुस्तकात." मुलगी हसली. तिला तो विनोद वाटला, आणि तेही बरंच झालं म्हणायचं.

रस खोटं बोलत नव्हता, हीच तर खरी पंचाईत होती. खोटं बोलणाऱ्या माणसाची गचांडी धरता येते. रसने ते मनापासून लिहिलं होतं. ती दुपार त्याला तशीच आठवत होती. पस्तीस वर्षं ती टेप ऐकून ऐकून त्याच्या हातांना ती आठवण चिकटली होती, आणि ती आता कुणी खरवडून काढू म्हटलं तर बरोबर कातडीही आली असती. लिंडसेला राग आला, आणि राग कुणावर काढावा हे कळेना तेव्हा तो बसच्या थांब्यावरच्या बाकावर काढला. लाथ बसली ती गुडघ्यापर्यंत झणझणली. एकसष्ट वर्षांच्या माणसाने असलं काही करू नये.

स्लॅगलाइट हा बँड काही जगाने डोक्यावर घेतलेला नव्हता. दोन तबकड्या निघाल्या, एक गाणं सिडनीच्या रेडिओवर महिनाभर वाजलं, संपलं. पण पोलादाच्या कारखान्याभोवतीच्या गावांत त्यांची हवा होती. रस गायचा आणि गिटार वाजवायचा, डॅरिल गॅलॉवे ड्रम बडवायचा, बाकीचे दोघे येऊन-जाऊन असायचे. लिंडसे त्यांचा आवाजवाला. वायरी जोडायच्या, कुणाचा आवाज वर, कुणाचा खाली ते बघायचं आणि कार्यक्रम टेपवर घ्यायचा. टेपची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची. ती संपली की बटण खट् करून वर यायचं, मग टेप काढायची, उलटायची, परत दाबायची. शेंबड्या पोराला जमेल असं काम, आणि लिंडसेने ते दोनशे वेळा तरी केलं असेल. त्र्याऐंशी सालच्या ऑक्टोबरात, पोर्ट केंब्लाच्या हॉलमधल्या रविवार दुपारच्या कार्यक्रमात ते बटण कधी वर आलं हे त्याला कळलंच नाही. कारण तो रोवीनाकडे बघत होता. डॅरिलची धाकटी बहीण. हिरवा झगा, हातात चपला, अनवाणी नाचत होती, आणि तिच्या घोट्याला कसलासा काळा डाग लागला होता, बहुतेक हॉलमधल्या फरशीचा. डाग त्याला आजही दिसतो. रस काय वाजवत होता ते मात्र त्याने ऐकलंच नाही. लोक टाळ्या वाजवायला लागले तेव्हा त्याने खाली बघितलं, तर बटण वर. शेवटच्या गाण्यात बाकीचे थांबायचे आणि रस एकटाच वाजवत राहायचा, हा बँडचा रिवाज. ती एकट्याची चार मिनिटं गेली ती गेलीच.

वायरी गुंडाळताना रसने विचारलं, "शेवट आला ना रे नीट?" आणि लिंडसेच्या तोंडून गेलं, "आला की." एवढंच. हो म्हणायला अर्धा क्षण लागतो. दुसऱ्या दिवशी दुपारी आईच्या घरामागच्या कपडे धुवायच्या खोलीत तो उसनी गिटार घेऊन बसला. पत्र्याच्या भिंती, सिमेंटची जमीन, आवाज हॉलसारखाच घुमला. आधीच्या गाण्यांतला लोकांचा गलका त्याने मागे लावला, रस नेहमी जे वाजवायचा ते आठवून वाजवायला लागला आणि तिसऱ्या ओळीत बोट घसरलं. "परत मार," तो स्वतःलाच म्हणाला, वैतागून. मारला तर पुन्हा तोच चुकीचा सूर. मग तिसऱ्यांदा त्याने तो मुद्दाम मारला, आणि काय झालं कोण जाणे, सुराने सगळी चाल उचलली आणि भलतीकडेच नेली, लिंडसे नुसता तिच्यामागे फरफटत गेला. थांबला तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता. बाहेर आई दोरीवर चादरी वाळत घालत होती, ती म्हणाली, "कसलं रडगाणं चाललंय रे?" टेपवर त्याचं स्वतःचं 'परत मार'ही आलं होतं, ते पुसून पुन्हा वाजवायला हवं होतं. पण पुन्हा तसं वाजणार नाही हे त्याला कळून चुकलं होतं. त्याने ते तसंच जोडलं. आयुष्यात एकदा, एका सोमवारी, पावणेतीन ते तीनच्या दरम्यान, लिंडसे ट्रेम्बाथच्या हातून काहीतरी चांगलं घडलं, आणि ते त्याने स्वतःच्या हाताने दुसऱ्याच्या नावावर चिकटवलं.

तरीही सांगता आलं असतं. अकरा दिवस होते. आज सांगू, उद्या सांगू करत तो टंगळमंगळ करत राहिला, आणि बाराव्या दिवशी सकाळी कळलं की घाटातल्या वळणावर डॅरिलची गाडी कठडा तोडून गेली. अंत्यविधीला रसच्या सांगण्यावरून टेप लावली. चर्चमध्ये ती चार मिनिटं वाजली, मधेच ते दोन शब्द आले आणि मागच्या बाकावरून कुणीतरी हुंदका देत म्हणालं, "डॅरिलच तो!" मग सगळे तेच म्हणायला लागले. रस ओंजळीत तोंड घालून बसला, "हे मी वाजवलं? मी?" असं विचारत राहिला. डॅरिलची आई टेपयंत्राकडे असं बघत होती की लिंडसेला ते यंत्र उचलून समुद्रात फेकून द्यावंसं वाटलं. आणि रोवीनाने येऊन त्याचा हात दाबला. "तू त्याचा आवाज वाचवलास," ती म्हणाली. लिंडसेच्या जिभेला जणू कुलूप लागलं. पस्तीस वर्षांत ते उघडलं नाही.

त्यानंतर जे सुरू झालं त्याला कुणी वेडेपणा म्हणेल, पण तो चांगल्या माणसांचा वेडेपणा होता. महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी बोलिंग क्लबच्या मागच्या खोलीत बँडची चाहती मंडळी जमायची. आधी तीस-चाळीस असायची, आता जेमतेम दहा. बाहेर हिरवळीवर पांढऱ्या कपड्यांतले म्हातारे जड गोळे घरंगळवत असायचे, आत ही मंडळी जुन्या टेपा ऐकायची. मूळ टेप म्हणजे आई, तिची नक्कल ती लेक, लेकीची नक्कल ती नात, नातीपुढे नक्कल करायची नाही. आणि सगळ्यांत कडक नियम: टेपला हात लावायचा नाही. कापणं नाही, जोडणं नाही. हा नियम कुणी केला? लिंडसेने. भर सभेत उभं राहून, तावातावाने. आपल्यालाच आपण कोंडायचं म्हटल्यावर कडी तरी नीट लावावी, अशातला प्रकार. जिथे त्याने जोड दिला होता तिथे टेपमध्ये एक बारीकसा गचका आहे. मंडळींनी त्याचं नाव ठेवलं 'डॅरिलचा श्वास'. पुढे आवाज जरा कोरडा पडतो, त्यावर बेव्हनचा सिद्धांत होता. बेव्हन पोस्टमन, निवृत्त, कशालाही आधी नाही म्हणणारा. तो म्हणायचा, रस माईकपासून सरकून ड्रमजवळ गेला म्हणून आवाज कोरडा आला आणि म्हणूनच तर डॅरिलचे शब्द पकडले गेले. लिंडसे मान डोलवायचा. दुसरं काय करणार? फेब्रुवारीत स्पर्धाही असायची. कोण ती चार मिनिटं हुबेहूब वाजवतं बघायचं. शहाण्णव साली न राहवून लिंडसेनेही भाग घेतला. सहा जणांत पाचवा आला. झोरान पेत्कोव्स्की परीक्षक होता, कारखान्यात क्रेन चालवायचा, मनाने लोण्यासारखा. लिंडसेच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "सूर सगळे बरोबर आहेत रे, पण त्यात भोगलेलं काही नाही. रस कसा, जीव काढून ठेवतो." लिंडसे घरी जाऊन हसला होता. आधी हसला होता.

आणि अलीकडे तर याहून विचित्र व्हायला लागलं होतं. डोळे मिटून टेप ऐकताना त्याला हॉल दिसायचा. रस वाकून वाजवतोय, डॅरिल काहीतरी बोलतोय, ओठ हलताना स्पष्ट दिसायचे. धुण्याची खोली दिसायला कष्ट पडायचे. सिमेंट, पत्रा, निळ्या साबणाचा वास, एकेक करून त्याला मुद्दाम आठवावं लागायचं, आणि रोज त्यातलं एखादं हाती लागायचं नाही. पुरावा म्हणून काही नव्हतंच. खोलीत घेतलेली टेप त्याने तेव्हाच पुसली होती, आई गेली, घर विकलं, खोली पाडून तिथे कुणीतरी मोटारी लावतं. म्हणजे त्या सोमवारचं जगात एकच ठिकाण उरलं होतं, लिंडसेचं डोकं, आणि ते डोकंही आता फितूर होऊ लागलं होतं. उद्या आपल्यालाच खात्री वाटेनाशी झाली तर? दोनशे चौदावं पान वाचताना एक क्षण, अगदी एकच क्षण, त्याला वाटलं होतं, हो, असंच झालं होतं.

म्हणून त्याने ठरवलं की या रविवारी सांगून टाकायचं. शिवाय निमित्तही आलं होतं. प्रकाशकांचं पत्र आलं होतं, पुस्तकाच्या जोडीला ते जुन्या मुद्रणांची नवी तबकडी काढणार होते, शेवटी ती चार मिनिटं. मूळ टेप लिंडसेकडे. तिला कुणी हात लावलेला नाही, जशी वाजली तशीच आहे, अशा कागदावर त्याची सही हवी होती. रविवारी क्लबच्या खोलीत झोरानने कागद पारदर्शक पिशवीत घालून आणला होता, टेबलावर मधोमध ठेवला होता, त्यावर कुणी सॉस सांडू नये म्हणून शेजारच्या ताटल्या लांब सरकवत होता.

"दोनशे चौदा," झोरान म्हणाला, "मी बायकोला वाचून दाखवलं. तिला इंग्रजी गाणी म्हणजे कपाळशूळ. तीही रडली."

"रडायला काय जातंय," बेव्हन म्हणाला. "तो म्हणतो डॅरिल हसला. टेपवर हसणं कुठाय? मी काल चौदा वेळा ऐकलं. 'परत मार' आहे, हसणं नाही. पुस्तक खपावं म्हणून घुसडलंय."

"अरे गप रे! न आवाज करता हसत नाहीत का माणसं?"

"डॅरिल? न आवाज करता? तो शिंकला तरी शेजारची कुत्री भुंकायची."

सगळे हसले. रोवीनाही हसली. खिडकीजवळ ती नेहमीच्या खुर्चीत बसली होती, पिकलेले केस आखूड कापलेले, पुस्तक मांडीवर. आज सगळ्यांनी आग्रह करून ते पान तिच्याकडून वाचून घेतलं होतं. तिचा आवाज जराही हलला नव्हता. भावाचं नाव आलं की या खोलीत दहाही जण किंचित पुढे झुकतात, हे लिंडसेने आज पहिल्यांदाच नीट पाहिलं. बाहेरच्या खोलीत क्लबच्या रविवारच्या सोडतीचे आकडे पुकारले जात होते, बक्षीस म्हणून मांसाचं ताट. आता नाही तर कधीच नाही.

"मला एक सांगायचंय," लिंडसे म्हणाला. "त्या टेपबद्दल."

"सही कर आधी, मग भाषण ठोक," झोरानने पेन पुढे केलं.

"नाही, आधी सांगू दे. त्या दुपारी मी—"

"लिंडसे," रोवीना उठून उभी राहिली, "माझ्या गाडीचं मागचं चाक बसल्यासारखं वाटतंय. जरा बघतोस का? आत्ता."

चाकाला काही झालेलं नव्हतं. गाडीमागे उभं राहून तिने ओढणीसारखा गळ्याभोवतीचा स्कार्फ सोडला, परत बांधला. समुद्राकडून वारा सुटला होता, कारखान्याच्या धुराड्यांवरची वाफ डोंगराकडे लोळत चालली होती.

"तू सांगायचं नाहीस," ती म्हणाली.

"काय सांगायचं नाही? तुला काय माहीत मी काय—"

"तो आवाज तुझा आहे."

लिंडसेने गाडीच्या टपाला हात टेकला. टप तापलेला होता, तरी हात काढावा हे त्याला सुचलं नाही.

"डॅरिल माझा भाऊ होता रे. एकोणीस वर्षं भिंतीपलीकडून माझ्यावर ओरडायचा. मला त्याचा आवाज कळणार नाही? अंत्यविधीला मला पहिल्या शब्दालाच कळलं हा तो नाही. पुढच्या आठवड्यात तू आईला फोन केलास, मी उचलला, तेव्हा तुझा आहे हेही कळलं. आणि आवाज तुझा तर वाजवणंही तुझंच असणार, त्याला काय डोकं लागतं?"

"पस्तीस वर्षं?" लिंडसे म्हणाला. "पस्तीस वर्षं तू माझ्याशेजारी बसून ते ऐकतेस? आणि मी रोज मरत होतो, रोवीना. रोज."

"मग मर," ती म्हणाली आणि लगेच तिचे डोळे भरले. "नको, तसं नाही म्हणायचं मला. सुरुवातीला तुझा गळा दाबावासा वाटायचा. पण आईला तो आवाज त्याचाच वाटला. मरेपर्यंत रोज सकाळी लावायची. ती गेल्यावर मी सांगणार होते, खरंच. मग एका रविवारी इथे बसले होते आणि लक्षात आलं की ही माणसं दर महिन्याला डॅरिलचं नाव घेतात. का घेतात? ड्रम वाजवायचा म्हणून? अरे, तो यथातथाच वाजवायचा. मला माहीत आहे, तुलाही माहीत आहे. त्या दोन शब्दांसाठी घेतात. घाबरलेल्या मित्राला त्याने धीर दिला, म्हणून. तू आज आत जाऊन खरं बोललास की ते शब्द तुझे झाले. मग माझ्या भावाकडे काय राहतं? घाटातलं एक वळण."

"आणि माझ्याकडे? माझ्याकडे काय राहतं ते विचार ना!" त्याचा आवाज चिरकला. हिरवळीवरच्या एका म्हाताऱ्याने मान वळवून बघितलं. "ती चार मिनिटं सोडली तर मी काय केलंय आयुष्यात? वायरी जोडल्यात."

रोवीनाने त्याचा टपावरचा हात उचलला, तळवा लाल झाला होता, त्याकडे बघत राहिली. "मला माहीत आहे ना ते तू वाजवलंस. मी ऐकते ते तुझं म्हणूनच ऐकते. इतकी वर्षं. सुंदर वाजवलंयस मेल्या. एका माणसाला माहीत आहे. पुरे नाही का?"

"नाही," लिंडसे म्हणाला.

"नसेलच पुरत," ती म्हणाली. "पण एवढंच आहे. ये आत, ते खोळंबलेत." आणि ती आत गेली.

ऐन पंचविशीत या बाईने आपला हात असा धरला असता तर, असं काहीतरी त्याच्या मनात आलं आणि त्याने ते पुढे जाऊ दिलं नाही. रस्ता समोर होता. चालत जाऊन बस पकडता आली असती, सही न करता, काही न बोलता. पण मग तबकडी निघाली नसती, चौकशी झाली असती, कुठल्यातरी हुशार माणसाने तो गचका यंत्रावर तपासला असता. गप्प राहणंसुद्धा आता त्याला मोकळं नव्हतं. सही न करणं म्हणजे सांगणंच होतं. तो तसाच उभा राहिला, हाताची आग व्हायला लागेपर्यंत, आणि मग आत गेला, कारण जायला दुसरीकडे कुठे नव्हतं.

"मिळाली का हवा चाकाला?" बेव्हनने विचारलं. लिंडसेने खाली बसून पिशवीतून कागद काढला आणि सही केली. पूर्ण नावाने, खाली तारीख. झोरानने कागद दोन्ही हातांनी उचलून परत पिशवीत सरकवला.

"आता याचा निकाल लाव," झोरान म्हणाला, "हा बेव्हन माझं डोकं खातोय. तू समोर होतास, आवाजाच्या टेबलापाशी. बाकीचे नाचत होते, त्याच्याकडे नजर असणार ती तुझीच. डॅरिल हसला की नाही?"

खोलीतले सगळे किंचित पुढे झुकले. लिंडसेला हिरवा झगा दिसला, मग धुण्याची खोली, मग तीही दिसेना.

"हसला," तो म्हणाला. "आवाज न करता. ड्रमची काठी खांद्यावर टेकवून हसला. मी बघत होतो."

झोरान वही उघडून लिहायला लागला, लिहिता लिहिता नाक पुसत होता. मग खिडकीजवळून रोवीनाचा आवाज आला, बारीक, लहान मुलीने विचारावा तसा.

"कुठल्या खांद्यावर रे?"

लिंडसेने तिच्याकडे बघितलं. ती खरंच विचारत होती.

"उजव्या," तो म्हणाला, आणि झोरानने तेही लिहून घेतलं.